फळा लिहिणारे काका

आमच्या सोसायटीच्या गेटपाशी एक फळा आहे. वर तेलरंगात ‘वार्ताफलक’ असं लिहिलेलं आणि त्याखालचं मंडळाचं नाव उन्हाने कधीच उडून गेलेलं. चाळ होती तेव्हा हा फळा चाळीच्या तोंडाशी होता. चाळ पाडली, तिच्या जागी ही उंच इमारत आली, आणि बिल्डरच्या माणसाला फळा भंगारात द्यायचा होता. मी त्याच्याशी भांडले. नुसती भांडले नाही, फळ्याला पाठ लावून उभी राहिले. शेवटी तो वैतागून म्हणाला, ठेवा बाई तुमचा फळा. ठेवला. आजही तो मीच लिहिते.

आधी माझे मिस्टर लिहायचे. रोज एक सुविचार. मला सुविचारांचा पहिल्यापासून तिटकारा. दिवसभर ऑफिसात साहेबाचं ऐकून घ्यायचं, संध्याकाळी हातात भाजीची पिशवी घेऊन लालबागला उतरायचं, आणि दारातच फळा आपल्याला शिकवणार की माणसाने कसं वागावं. मी म्हणायचे, अहो, ओला टॉवेल पलंगावर टाकता आणि जगाला शिस्त शिकवता. ते हसायचे आणि खडू घेऊन खाली जायचे.

ते गेले त्या सकाळी मंडळातले दोघे-तिघे फळ्यापाशी घुटमळत होते. एकाचंही अक्षर धड नव्हतं. वहिनी, आम्ही लिहितो कसंतरी, म्हणाले. कसंतरी कशाला? मी खाली गेले, फळा पुसला, आणि त्यांचं नाव, अंत्ययात्रेची वेळ, सगळं नीट ओळीत लिहिलं. फळ्यावर मी लिहिलेला पहिला मजकूर तो. बाई घट्ट काळजाची, असं लोक म्हणाले. घट्ट कसली डोंबलाची. हाताला काम होतं म्हणून उभी राहू शकले.

त्यानंतर फळा माझ्याकडेच आला, कारण दुसऱ्या कुणाला नको होता. सुविचार मी लिहिणार नव्हते. मग काय लिहायचं? माझ्याकडे एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश होता, फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेला. ऑफिसात मी टायपिस्ट होते, साहेबाच्या मसुद्यातले शब्द अडले की त्यात बघायची. त्या सवयीतून एक खेळ सुचला. इंग्रजीतली तीन-चार अक्षरं घ्यायची, ती एकाच क्रमाने ज्या ज्या शब्दांत येतात ते शब्द शोधायचे, आणि अर्थासकट फळ्यावर लिहायचे. पहिल्या दिवशी आय-सी-ई ही अक्षरं घेतली. आईस म्हणजे बर्फ. त्यात राईस आला, तांदूळ. प्राईस आला, भाव. मग पोलीस आले, ऑफिस आलं, नोटीस आली, व्हॉइस म्हणजे आवाज आला, आणि सगळ्यात शेवटी जस्टिस, न्याय. मी मनात म्हटलं, अगं बाई, ही तर अख्खी आमची चाळ आली की.

तेव्हा मुलं फळ्यासमोर उभी राहून मोठ्याने वाचायची. कुणी जिन्यावरून ओरडायचं, काकी, ज्यूस राहिला. त्यात ज्यूसही येतो, खरंच माझ्याकडून राहिला होता.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही हां. सुरुवात सारखी असलेले शब्द कोशात एकाच पानावर गुण्यागोविंदाने नांदतात. पण शेवट सारखा असला, किंवा अक्षरं मधेच कुठेतरी दडलेली असली, तर तो शब्द कुठल्या पानावर सापडेल ते सांगता येत नाही. आणि मोबाईलवर विचारायचं नाही, असा माझा माझ्यापुरता नियम. मोबाईल एका सेकंदात शंभर शब्द तोंडावर फेकतो, मग माझ्या संध्याकाळींचं काय करू? चहा झाला की मी कोश घेऊन खिडकीशी बसते आणि पानं उलटत जाते. सी-ए-टी शोधताना कॅट सापडते, मग कॅटल, मग कुठल्या कुठे एज्युकेशन, आणि लोकेशन, आणि व्हेकेशन. तेवढ्यात दिवे लागतात. खरं सांगायचं तर शब्दांपेक्षा ते दिवे लागेपर्यंतचं पार पडणं मला महत्त्वाचं आहे.

एल-ओ-एन-ई ही अक्षरं मात्र मी फळ्यावर कधी घेतली नाहीत. अलोन, लोनली. म्हातारीने रडगाणं लावलं, असं म्हणाले असते. वास्तविक त्याच अक्षरांत सायक्लोनही येतो, वादळ, आणि मिशा पिळणारा कर्नलही येतो. पण लोक बरोबर नको तेच वाचतात.

इमारत झाली आणि सगळं बदललं. चाळीतले, फळा कोण लिहितं हे माहीत असलेले जवळजवळ सगळे, खोली भाड्याने देऊन डोंबिवली-विरारला गेले. नवे आले. शेजारची दुसरी चाळही आमच्यातच मिसळली, तिथली माणसं मला तोंडओळखीचीही नव्हती. लिफ्टमध्ये सगळे दरवाजावरच्या आकड्यांकडे बघतात. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात मला घातलं होतं, पण रोज सकाळी ती गुलाबाची फुलं आणि उगवता सूर्य बघून माझं डोकं उठलं, मी बाहेर पडले. माझे नातेवाईक गावाला, मूलबाळ नाही. म्हणजे असं की फळा सोडला तर इमारतीशी माझा काही संबंधच उरला नाही.

आणि फळाही कोण वाचतं ते कळत नव्हतं. मी सकाळी लवकर, दूधवाल्याच्याही आधी, लिहून वर जायची. त्यामुळे लिहिताना मला कुणी बघितलंच नाही. इमारतीत सगळ्यांची समजूत अशी की फळा कुणीतरी काका लिहितात. एकदा लिफ्टमध्ये दोघी बोलत होत्या, त्या काकांचं अक्षर काय सुरेख आहे ना. मी शेजारीच उभी. बोलावंसं वाटलं, पण म्हटलं, जाऊ दे, काका तर काका. निधनाची बातमीसुद्धा मला वॉचमनकडून कळायची. घरचे त्याला सांगत, तो मला इंटरकॉमवर सांगे.

निधनाच्या बाबतीत आमची चाळीपासूनची एक रीत आहे. कुणी गेल्याची खबर आली की आधी फळा स्वच्छ पुसायचा. नाव आणि वेळ नंतर. कारण वेळ लगेच ठरत नाही, कुणाचा मुलगा पुण्याहून यायचा असतो, कुणाची लेक कणकवलीहून. तोवर फळा कोरा. सकाळी कोरा फळा दिसला की चाळीत बायका गॅस बारीक करायच्या, रेडिओ बंद व्हायचे, पुरुष कामावर जायचे ते जिन्यात थांबायचे. कोण गेलं ते कळल्याशिवाय कुणी गेटबाहेर पडायचं नाही. शेजारच्या चाळीतही हीच रीत होती, तिथली जुनी माणसं अजूनही हे पाळतात.

तर झालं असं. गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. एका सकाळी मी खाली गेले, ओल्या फडक्याने फळा पुसला, आणि खडू उचलणार तोच डोळ्यांपुढे अंधारी आली. फळ्याच्या चौकटीला धरून उभी राहिले. वॉचमन टाकीचा पंप लावायला मागे गेला होता. अंगात कणकण आदल्या दिवसापासून होतीच. कशीबशी लिफ्टपर्यंत गेले, वर आले आणि पलंगावर आडवी झाले. म्हटलं, पाच मिनिटांनी जाऊन लिहू.

दोन-तीन दिवस उठताच आलं नाही. ताप, आणि मान हलवली की घर फिरायचं. इंटरकॉम दाराजवळ, तिथपर्यंत जाणं जमेना. मोबाईलची बॅटरी संपली होती आणि चार्जर दुसऱ्या खोलीत. भिंतीला धरून पाणी तेवढं घेतलं, डब्यातली बिस्किटं खाल्ली. आणि पडल्या पडल्या एकच गोष्ट करत होते, लिफ्टचा आवाज ऐकत होते. आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबली की दार उघडताना खट् असा आवाज होतो. मला खात्री होती, कुणीतरी येणार. फळा कोरा आहे. इतकी वर्षं एक दिवस खाडा नाही, आणि आता कोरा. निदान विचारतील तरी, लिहिणारं माणूस कुठंय? दर वेळी खट् झालं की मी उशीवरून मान उचलायची आणि घर फिरायचं. पावलं समोरच्या फ्लॅटकडे जायची.

कुणी आलं नाही.

बरं वाटल्यावर खाली गेले तर वॉचमन हसत सुटला. आंटी, उस दिन तो तमाशा हो गया, म्हणाला, आणि दुसऱ्या वॉचमनकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. कोरा फळा बघून जुनी मंडळी गेटपाशी गोळा झाली. कोण गेलं, कोण गेलं. एकाने ऑफिसात हाफ डे टाकला. एक जण हार आणायला दादरला निघाला होता, त्याला परत बोलावलं. तिरडीचं सामान कुठे मिळेल याची चौकशीसुद्धा झाली. मग ग्रुपवर मेसेज, एकमेकांना फोन, मजल्यामजल्याने विचारपूस. कुठल्या आजोबांना दम्याचा त्रास आहे, कोण डायलिसिसला जातं, सगळ्यांची आठवण काढून फोन केले. सगळे जिवंत. मग हशा पिकला. काका विसरले असतील लिहायला, असं म्हणून जो तो आपापल्या वाटेला लागला.

मी विचारलं, काकांकडे कोण गेलं? वॉचमन गोंधळला. त्यालाही तेव्हाच सुचलं असावं. त्याची ड्यूटी ते दोन-तीन दिवस बदलली होती, तो पहिल्या सकाळीच घरी गेला, त्याला मी दोष देत नाही. पण बाकीचे? अख्ख्या इमारतीने एकमेकांना हाका मारल्या आणि मला एकही नाही. माझा जीव जळला. मी तिथेच वॉचमनच्या खुर्चीवर बसले. आधी संताप आला, असा की तो फळा उचलून रस्त्यावर फेकावा. मग रडू आलं. त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून फडकं ओलं करायला नळाकडे गेले.

त्या दिवशी ई-ए-आर ही अक्षरं लिहिली. इअर म्हणजे कान. हिअर, ऐकणे. फिअर, भीती. सर्च, शोध. पर्ल, मोती. बिअर्ड, दाढी. आणि अगदी खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, फळा लिहिणाऱ्याचा पत्ता, आणि पुढे माझी विंग आणि खोली नंबर. नाव नाही लिहिलं. कशाला? भीक मागितल्यासारखं वाटलं असतं. नंबर पुरे. ज्याला यायचंय तो नंबरावर येईल.

रोज तो नंबर लिहायची आणि घरी येऊन बेलकडे कान लावायची. एकदा वाजली, तर कुरिअरवाला, खालच्या मजल्याचं पार्सल घेऊन. त्याला मी उगीचच पाणी विचारलं. तो नको म्हणाला.

मग पुष्कळ दिवसांनी, एका सकाळी, मी फळा लिहून नुकतीच वर आले होते, आणि बेल वाजली. दारात चाळिशीचा एक गृहस्थ. शर्ट उलटसुलट घातल्यासारखा, डोळे लाल.

“काका आहेत का?” त्याने विचारलं.

“कुठले काका?”

“फळा लिहिणारे.”

“मीच लिहिते. या आत.”

तो आत आलाच नाही. चौकटीला हात लावून उभा राहिला आणि माझ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, काकी, आई गेली पहाटे, तेवढं लिहायचं होतं. मी वॉचमनला सांगणार होतो, पण आईचं सांगणं होतं की लिहिणाऱ्याला स्वतः जाऊन सांग.

मी म्हटलं, तुमच्या आई मला ओळखत होत्या?

नाही, तो म्हणाला. मग उभ्या उभ्याच त्याने सांगितलं. आई दुसऱ्या चाळीतली, गिरणीकामगाराची बायको, मूळ मालवणची. पाय गेल्यापासून वरच्या मजल्यावर पलंगाला खिळलेली. चालती होती तेव्हा भाजीला जाता-येता फळा वाचायची, ते थांबलं म्हणून चिडचिड करायची. तेव्हापासून हा रोज ऑफिसला जाताना गेटपाशी थांबून फळ्याचा फोटो काढायचा आणि तिला मोबाईलवर पाठवायचा. फोटो वाकडा आला की संध्याकाळी शिव्या खायचा. दिवसभर ती ते शब्द पुटपुटत बसायची. सातवी शिकलेली, पण गेली तेव्हा तिला कर्नलचं स्पेलिंग सोडून सगळं येत होतं, असं तो म्हणाला आणि हसायला गेला. ते जमलं नाही.

कर्नल मी कधी लिहिलाच नव्हता. म्हणजे तिने स्वतः शोधला होता, कुठून कोण जाणे.

“फळा कोरा होता ना एकदा,” तो म्हणाला, “त्या दिवशीही मी फोटो पाठवला. नुसता काळा. तिने लगेच फोन केला. म्हणाली, अरे झिला, तो लिवणारो बरो आसा काय, जरा बघून ये. मी म्हटलं उशीर होतोय. दोन दिवस तेच विचारत होती. मी नाही आलो, काकी.”

“बरं केलंस,” मी म्हटलं. “अंघोळ नव्हती केली मी.”

आत जाऊन चप्पल घातली आणि त्याच्याबरोबर खाली गेले. थोड्या वेळापूर्वी लिहिलेले शब्द पुसले. आईचं नाव काय लावता, वेळ काय ठरली, सगळं त्याला विचारून लिहिलं. मग त्याच्याच बरोबर लिफ्टने वर गेले, त्यांच्या घरी. लहानखुरी बाई. कपाळाला मोठं कुंकू लावायची असणार, तिथली कातडी गोरी राहिली होती. चेहरा मी कधी पाहिल्याचं आठवेना. ही बाई माझ्या डोक्यावर, त्याच लिफ्टच्या वाटेवर, इतके दिवस माझे शब्द पुटपुटत पडली होती. तापात मी ज्या हाकेची वाट बघत होते ती हाक हिने मारली होती, आणि मला ती ऐकू आली ती आज. मी तिच्या पायाशी बसले आणि रडले. तिच्या सुना-नातवंडांना कळेना, ही कोण.

तेरावं होईपर्यंत तो दिसला नाही. मी रोज लिहीत होते, पण जीव लागत नव्हता. कोश उघडायचा आणि मिटायचा. एक दिवस तर सोपी म्हणून एस-ए-टी घेतली आणि दोनच शब्दांत आटोपलं. वाचणारी गेली, आता कुणाला फसवतेय, असं झालं होतं. फळा सोडून द्यावा असं अगदी मनात आलं. सेक्रेटरीला तसं सांगायचंही ठरवलं.

त्या सोमवारी मला उशीर झाला होता. ओ-यू-आर लिहीत होते. अवर, तास. फ्लावर नव्हे, ते दुसरं, कणकेचं, म्हणजे पीठ. कोर्ट. नेबर, शेजारी. शेवटची ओळ चालू होती तेव्हा तो गेटकडे आला. डोकं भादरलेलं, खांद्याला ऑफिसची बॅग. मी फळ्याच्या बाजूला सरकले. तो नेहमीच्या जागी थांबला असावा, कारण पाय आपोआप तिथे पडले. मोबाईल काढला, फोटो काढला, मान तिरकी करून सरळ आलाय का ते बघितलं. आणि अंगठा स्क्रीनवर ठेवून तसाच उभा राहिला. पाठवायचा कुणाला, ते त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

माणसं त्याला वळसा घालून जात होती. एक रिक्षावाला गेटात अडकून हॉर्न मारत होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं.

“मला पाठव,” मी म्हटलं.

त्याने वर बघितलं. मी नंबर सांगितला. त्याने एकेक आकडा दाबला, मान हलवली आणि निघून गेला. मी हात धुऊन वर आले तेव्हा मोबाईल टेबलावर वाजला होता. माझ्याच अक्षराचा फोटो, अगदी सरळ. त्याच्याखाली त्याने लिहिलं होतं, काकी, बऱ्या आहात ना?

मी ‘हो’ लिहिलं. मग ते खोडलं. चष्मा पुसला, आणि सावकाश एकेक अक्षर शोधून लिहिलं, आज बरी आहे, उद्याही विचार.